घराजवळ लसीकरण

लहान मुलांच्या लसी आईवडिलांना जमेल अशा वेळी आणि घराजवळ मिळाव्यात म्हणून सरकारी आरोग्य यंत्रणा जी व्यवस्था करते तिला घराजवळचं लसीकरण म्हणता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने १९७४ मध्ये मुलांच्या लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू केला तेव्हापासून लस नुसती बनवून भागत नाही, ती मुलापर्यंत पोचवावी लागते, हे पक्कं झालं.

मूल लसीविना राहिलं की लोक लगेच आईवडिलांना बोल लावतात, ते बरोबर नाही. काहींना लसीची भीती असते, मान्य, पण कितीतरी घरांत केंद्र लांब असतं, एक दिवस गेला की मजुरी बुडते, आणि एवढं करून पोचलं तर आज लसीचा वार नाही असं ऐकावं लागतं. म्हणून संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी सत्र ठेवणं, वस्तीतच कॅम्प लावणं, फोनवर पुढच्या डोसची आठवण करणं, एकाच फेरीत देता येतील तेवढ्या लसी देणं असे उपाय करतात.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट गोवराच्या लसीची. पुष्कळ ठिकाणी ती १० डोसच्या बाटलीत पावडर म्हणून येते आणि द्रव मिसळला की ६ तासांत वापरायची, उरली तर फेकून द्यायची, त्यामुळे एकच मूल आलं तर नर्सचा बाटली फोडायला हात धजत नाही आणि ती आईला पुढच्या वेळी या म्हणते. ती आई परत येईलच असं नाही. म्हणून एका मुलासाठीही बाटली उघडा असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ते योग्यच आहे, कारण गोवराची साथ रोखायला सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळायला लागतात.

वस्तीत लस न्यायची तर थंडावा सांभाळावा लागतो, बहुतेक लसींना २ ते ८ अंश सेल्सिअस. बाटलीवरच्या गोलात एक फिकट चौकोन असतो, उष्णतेने तो काळवंडत जातो आणि गोलाइतका गडद झाला की ती बाटली वापरायची नाही.

साध्या सर्दीखोकल्यासाठीही मुलाला परत पाठवायची गरज नसते, तरी ते सर्रास होतं, आणि ते थांबवायला फार पैसा लागत नाही, केंद्रावरच्या माणसांना नीट ट्रेनिंग दिलं तरी पुरतं.