ससा नाटकं करतोय की आजारी आहे? (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या जळगावच्या दुकानातून ससा, चारा किंवा पिंजरा नेणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. सशाबद्दल आम्हाला दोन तऱ्हेचे फोन येतात. एक घाबराघुबरा, "भाऊ, ससा मरी गया!" आणि ससा निवांत झोपलेला असतो. दुसरा अगदी शांत आवाजात, "कालपासून जरा गप्प आहे, खात नाही. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा दाखवू का?" आमच्या पोटात गोळा येतो तो या दुसऱ्या फोनने.

ससा दुखणं लपवतो. रानात दुबळा दिसणारा ससा आधी उचलला जातो, ती सवय पिंजऱ्यातही जात नाही. म्हणून घरभर उधळणारा, पाय आपटणारा, चार्जरची वायर कुरतडणारा ससा बहुधा ठणठणीत असतो. एरवी ऊत आणणारा ससा अचानक शहाण्यासारखा कोपऱ्यात बसला, की लक्ष घाला.

यात घाबरण्यासारखं काही नाही

धावता धावता धप्पकन कुशीवर पडून पाय ताणणं म्हणजे झोप. ससे डोळे उघडे ठेवूनही झोपतात, त्यामुळे घरच्यांचा जीव जातो. पोटाकडे बघा, श्वासाची हालचाल दिसेल. हात लावल्यावर दचकून उठला तर विषय संपला. हलवूनही मान उचलत नसेल, अंग लोळागोळा झालं असेल, तर मात्र थांबू नका.

हवेत उडी मारून अंग पिळणं, डोकं एकीकडे आणि ढुंगण दुसरीकडे, ही खुशी आहे. याला फिट समजून काहीजण सशाला कांदा हुंगवतात. तसं करू नका. फिट आलेला ससा जमिनीवर पडून पाय झाडतो; खूश झालेला ससा उडी संपली की पुन्हा धावत सुटतो.

पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या सशाचं एक खास आहे. तो एका जागी बसून डोकं सावकाश डावी-उजवीकडे डोलवतो. डोळ्यांत रंगद्रव्य नसल्याने त्याला नीट दिसत नाही. डोकं हलवून तो अंतराचा अंदाज घेतो. डोळ्यांची लालीही जन्मजात, डोळे आलेले नसतात. पण डोलणं वेगळं आणि मान कलणं वेगळं. मान एका बाजूला वाकडीच राहत असेल, ससा गोल गोल फिरत किंवा लोळत असेल, तर कानाच्या आतला संसर्ग किंवा मेंदूपर्यंत जाणारा परजीवी असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मागचा पाय आपटणं म्हणजे धोक्याची सूचना. बहुतेक वेळा गच्चीवर मांजर असतं किंवा मिक्सर लागलेला असतो. हनुवटी फर्निचरला घासणं म्हणजे हे माझं, असा वास लावून ठेवणं. तुमच्या पायांभोवती चकरा मारणं हे वयात आल्याचं लक्षण. मादी छातीचे केस उपटून तोंडात गवत गोळा करत असेल तर ती घरटं करते आहे. नर जवळ आलाच नसेल तरी खोट्या गाभणपणात ती हेच करते, काही दिवसांत निवळते. नर आला असेल तर त्या दिवसापासून पिल्लांसाठी साधारण ३१ दिवसांचा हिशोब करून ठेवा.

ट्रे रोज बघा

आमचं ऐकाल तर सशाच्या तोंडाआधी त्याचा ट्रे बघत जा. चांगली लेंडी गोल, कोरडी, हरभऱ्याएवढी असते आणि बोटांनी चुरली की आत गवताचा भुसा दिसतो. धडधाकट ससा दिवसाला अशा दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. मोजत बसू नका. रोज ट्रे झाडणाऱ्याला कालच्यापेक्षा कमी आहेत हे आपोआप कळतं. लेंड्या बारीक, वेड्यावाकड्या व्हायला लागल्या की आतडं मंदावतंय. केसांच्या धाग्यात माळेसारख्या ओवून आल्या तर केस गळतीचा हंगाम आहे, रोज ब्रश फिरवा.

दुसरी लेंडी मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारखी. ती सहसा तुम्हाला दिसतच नाही, कारण ससा ती बुडाशी तोंड नेऊन थेट खातो. "शी, हा घाण खातो" म्हणून त्याला हाकलू नका. त्यात ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात, ती पोटातून दुसऱ्यांदा गेली की अंगी लागतात. हा त्याचा रवंथ समजा. काळजी तेव्हा करा, जेव्हा या मऊ लेंड्या न खाता पडून राहतात किंवा बुडाला चिकटतात. मग खुराक चुकतोय, नाहीतर ससा इतका लठ्ठ झालाय की त्याचं तोंड तिथवर पोचत नाही.

आणि आपल्या भागात खुराक चुकतो तो केळीवर. यावल-रावेरकडच्या घरात केळीला तोटा नाही, ससाही हावरटासारखी खातो, मग रोज अख्खी केळी. आठवड्यातून एक-दोनदा बोटभर जाडीची एक चकती, यापुढे केळी नको. गाजरही खाऊच. पोळी, भाकरी, बिस्किट, शेव बंद. पोट चालतं ते सुक्या गवतावर: मारवेल, हरळी, जे मिळेल ते, पण दिवसभर समोर हवं. कपाशीच्या बांधावरचं गवत फवारणीमुळे टाळा. कोवळी ज्वारी ढोरांनाही देत नाहीत, सशालाही देऊ नका.

लघवी पिवळी, केशरी, तपकिरी, कधी चक्क लाल होते. चाऱ्यातल्या रंगामुळे तसं होतं; ससा खातोय, खेळतोय तर दोन दिवस वाट बघा. लघवी एकसारखी लाल न दिसता त्यात रक्ताचे ठिपके किंवा गाठी दिसल्या, तर ते रक्त धरा. तीन-चार वर्षांच्या, ऑपरेशन न झालेल्या मादीत तर नक्की तपासून घ्या, तिला गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो. लघवी गढूळ पांढरी असणं चालतं, कारण जास्तीचं कॅल्शियम ससा लघवीतून टाकतो. घट्ट पांढरा गाळ पडू लागला किंवा ससा कुंथू लागला तर चालत नाही. लसूणघासमध्ये कॅल्शियम जास्त, म्हणून मोठ्या सशाला ती रोज देणाऱ्यांनी आधी कमी करावी. आम्ही ती विकतो, तरी सांगतो.

दात आणि नाक

डोकं खाजवताना बारीक कटकट ऐकू आली तर ससा सुखावलाय. अंग आखडून, डोळे बारीक करून मोठ्याने दात खात असेल तर पोट किंवा दात दुखतोय. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. चावून चावून ते नीट झिजले नाहीत की गालात, जिभेत रुततात. हनुवटी ओली, घास तोंडातून खाली पडतोय, गवत सोडून फक्त मऊ पदार्थ खातोय, ही त्याची खूण. नेलकटरने घरी दात कापू नका, दात उभा चिरतो.

नाक सतत हलणं ठीक. धुळीने एखादी शिंक ठीक. पुढच्या पंजांची आतली बाजू बघा: केस चिकट, गुठळ्या झालेले असतील तर तो नाकातला शेंबूड पुसतोय, म्हणजे संसर्ग आहे. ससा नाकानेच श्वास घेतो. तोंड उघडून घेत असेल तर हातातलं काम टाकून निघा. कानाच्या कडांवर, नाकावर पांढरट खपल्या म्हणजे खरूज. औषध सोपं आहे, पण मात्रा डॉक्टरनेच ठरवायची.

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दिवसांत

सशाला पंधरा-वीस अंश मानवतं, तिशीपुढे त्रास होतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. उन्हाळ्यात दुपारी पसरून पडणं ही सवय. कान लाल आणि तापलेले, श्वास भराभर, तोंडाला लाळ, उठायला त्राण नाही, हा उष्माघात. साध्या गार पाण्यात फडकं भिजवून कानांना लावा, सावलीत पंख्याजवळ ठेवा आणि दवाखान्यात न्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर पिंजरा ठेवणार असाल तर मार्च ते जून ससा आमच्याकडून नेऊच नका. पावसाळ्यात बुडाचे केस ओले राहिले तर माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. रोज उलटं करून बघा.

इतकं झालं की वाट बघायची नाही

बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर रात्र असली तरी फोनाफोनी सुरू करा. सशाला उलटी करता येत नाही आणि आतडं थांबलं की तो एक-दोन दिवसांतही जाऊ शकतो. दिवाळीच्या फटाक्यांनी घाबरूनही हे होतं.

घरातलं अँटिबायोटिक सिरप पाजू नका. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनसारखी तोंडावाटे दिलेली औषधं सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात आणि ससा दगावतो. कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिलही सशाला विषारी आहे.

आम्ही डॉक्टर नाही. जनावरांच्या दवाखान्यात बहुतेक वेळ गाई-म्हशींत जातो, तेव्हा आधी फोन करून सशावर उपचार करतात का ते विचारा. नेताना आजच्या लेंड्या कागदात बांधून घ्या, नेहमीचं गवत सोबत ठेवा, जोडीदार ससा असेल तर त्यालाही न्या. भुलीचं ऑपरेशन ठरलं तरी कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवू नका. सशाला उपास चालत नाही, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.