वंशभेदविरोधी साहित्य-अध्यापन

कथा-कादंबरी शिकवताना मजकुरातला वंशभेद ओळखायला आणि मजकुरालाच प्रश्न विचारायला विद्यार्थ्यांना तयार करण्याची पद्धत. तिच्या मुळाशी चिकित्सक साक्षरता आहे: प्रत्येक लेखन कुणाच्या तरी नजरेतून झालेले असते आणि ती नजर तपासता येते. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांच्या प्रौढ साक्षरतेच्या कामातून या विचाराला बळ मिळाले. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी १९६२ ते १९६४ या काळातली ५,२०६ अमेरिकी बालपुस्तके तपासली, तेव्हा कृष्णवर्णीय पात्रे फक्त ३४९ पुस्तकांत आढळली. पण पात्र असणे पुरेसे नाही. ते कसे रंगवले आहे, हाच वर्गातला खरा प्रश्न.

सुरुवात दोन-तीन पानांच्या उताऱ्याने करावी. पहिले वाचन अर्थासाठी. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल हवी: नाव कुणाला आहे आणि 'तो नोकर' एवढ्यावर कुणाची बोळवण झाली आहे, कुणाच्या वाट्याला किती संवाद आले, कुणाला कोणती विशेषणे लावली आहेत. एखादे पात्र प्रत्येक प्रसंगात हजर असूनही चारच वाक्ये बोलते, हे मुलांनी स्वतः मोजले की शिक्षकाला भाषण द्यावे लागत नाही.

क्रियापदांवर जरा रेंगाळावे. 'वस्ती जाळली गेली' या वाक्यात जाळणारा दिसत नाही. 'सैनिकांनी वस्ती जाळली' म्हटले की दिसतो. व्याकरणाच्या तासाला शिकवलेला नवीन कर्मणी (कर्मकर्तरी) प्रयोग इथे उपयोगी पडतो. त्यानंतर त्याच काळावर, ज्या समाजाचे चित्रण झाले आहे त्याच समाजातल्या लेखकाने लिहिलेला उतारा शेजारी ठेवावा.

ही पद्धत फसते ती बहुतेक वेळा पुस्तकांच्या निवडीत. केवळ गुलामी आणि छळाच्या कथा वाचल्या, तर त्या समाजाची माणसे मुलांच्या मनात कायमची पीडितच राहतात. म्हणून हसणारी, भांडणारी, शोध लावणारी पात्रेही यादीत हवीत. गोरा नायक येऊन सगळ्यांची सुटका करतो, अशी कथा घेतलीच तर सुटका होणाऱ्यांनी स्वतः काय केले, हे विचारावे. गुलामांच्या विक्रीचे नाट्यीकरण करू नये. त्यातून समज वाढण्याऐवजी काही मुलांचा अपमान होतो आणि इतरांना तो खेळ वाटतो. मजकुरात वंशवाचक शिवी असेल तर ती मोठ्याने वाचायची नाही, हे उतारा उघडण्यापूर्वीच ठरवावे आणि कारणही सांगावे. त्या समाजाच्या एकट्या मुलाकडे 'तुला काय वाटते?' म्हणून वळणे टाळावे. त्याला बोलायचे असेल तर तो हात वर करेल.