ब्रेकवर पाय नाही, तरी दिवा लाल

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला वॉचमनचा इंटरकॉम आला. "साहेब, तुमच्या गाडीचे मागचे लाल लाइट चालूच आहेत." किल्ली तर माझ्यासमोर खुंटीला लटकत होती. खाली गेलो. ठाण्यात वाघबीळच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधली मागची भिंत लालभडक झालेली. गाडी बंद, दारं लॉक, ब्रेकवर कुणाचाही पाय नाही.

तोवर दोघं-तिघं जमलेच. एकाने "सेन्सर गेला, कॉम्प्युटर बदलावा लागेल, पंधरा हजार धरून चाला" असा निकाल देऊन टाकला. शेजारच्या काकांचं लक्ष बंपरकडे. "लिंबू-मिरची कधीची आहे रे ही? पार वाळून गेलीय." लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा खिळा टोचला तर जेमतेम एक व्होल्ट मिळतो, तोही जस्त झिजतं म्हणून. लिंबाची विद्युतशक्ती तिथे संपते.

इकडे खरी बॅटरी मात्र उतरत होती. ब्रेकचा साधा बल्ब २१ वॅटचा. दोन मिळून ४२ वॅट. १२ व्होल्टने भागा, साडेतीन अँपिअर. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे दहा तासांत रिकामी, आणि स्टार्टर त्याच्या बराच आधी कुरकुरायला लागतो. बहुतेक गाड्यांत ब्रेक लाइटचं किल्लीशी काही देणंघेणं नसतं. फ्यूजमधून थेट बॅटरीशी जोडणी. त्या रात्रीपुरती बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि वर येऊन झोपलो.

आपली समजूत अशी, की आपण पेडल दाबतो, पेडल स्विच दाबतं आणि दिवा लागतो. घडतं नेमकं उलट. जुन्या फ्रीजच्या चौकटीतलं ते छोटं बटण आठवा. दार बंद असताना ते दाबलेलं असतं आणि दिवा विझलेला. दार उघडलं की बटण सुटतं, दिवा लागतो. ब्रेकचा स्विच त्याचाच भाऊ. पाय काढला की स्प्रिंग पेडलला मागे ओढते, पेडलची दांडी स्विचच्या खुंटीला आत दाबून बसते, आतले संपर्क विलग होतात. पाय ठेवल्यावर दांडी सरकते, खुंटी बाहेर येते, संपर्क जुळतात. म्हणजे गाडी उभी असताना तो स्विच सारखा दाबलेलाच असतो. दिवा लावायला काहीच करावं लागत नाही, विझवून ठेवायला मात्र कुणीतरी बटण धरून बसावं लागतं!

हा उफराटा कारभार कशासाठी? पेडल किती खाली जाईल याचा नेम नाही. सिग्नलला हलकेच दाबतो, रिक्षा आडवी आली की मुळापासून. स्विच त्या टोकाला ठेवला तर हलक्या ब्रेकला दिवा लागणारच नाही. पेडलची एकच जागा पक्की, ती म्हणजे विसाव्याची. तिथे पहारा बसवला की पेडल जरासं हललं तरी चोरी पकडली जाते. शिवाय दांडी आणि स्विच यांच्यात काही बिघडलं तर दिवा बंद पडण्याऐवजी पेटतो, आणि बिघाड लपून राहत नाही.

अनेक नव्या गाड्यांत याच स्विचमध्ये संपर्कांच्या दोन जोड्या असतात, एक जुळते तेव्हा दुसरी सुटते. गाडीचा कॉम्प्युटर दोन्ही साक्षी ताडून पाहतो. जमल्या नाहीत तर तक्रार नोंदवतो. पण खुंटीच सुटली तर दोन्ही साक्षीदार एकमुखाने सांगतात, "पेडल दाबलंय." कॉम्प्युटरला संशय यायचं कारणच उरत नाही. म्हणून डॅशबोर्डवर चेतावणीचा दिवा नाही, हे ऐकून निश्चिंत होऊ नका. ऑटोमॅटिक गाडी असेल तर अजून एक भानगड: ब्रेक दाबल्याशिवाय गिअर पार्किंगमधून हलू नये, हे कुलूपही अनेक गाड्यांत याच स्विचच्या भरवशावर असतं. ते उघडंच राहतं.

तर खुंटी सुटली कशी? सकाळी स्टिअरिंगखाली डोकं घालून, मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. दांडीला, खुंटी जिथे टेकायला हवी तिथे, एक गोल भोक होतं आणि खुंटी त्यातून खुशाल आरपार गेलेली. त्या भोकात प्लॅस्टिकचं एक बूच असतं, बोटाच्या पेराहूनही लहान. मेकॅनिक त्याला स्टॉपर म्हणतात. खुंटी टेकते ती त्या बुचावर. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची भट्टी होते. उष्णतेने आणि ऑक्सिजनने प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तुटत जातात आणि लवचीक बूच पापडासारखं ठिसूळ होतं. त्यात आपली घोडबंदरची रहदारी. मी एकदा मोजलं होतं, वाघबीळ ते तीन हात नाका, ९० वेळा ब्रेक. जाऊन-येऊन १८०, तीनशे दिवसांचे ५४ हजार. तेवढ्या वेळा ते पेडल परत येऊन आदळणार.

बूच शाबूत असूनही दिवा जळत असेल, तर स्विचचा प्लग काढा. दिवा गेला तर स्विच अडकलाय किंवा त्याची जागा सरकलीय. प्लग काढूनही जळतोय, तर वायर कुठेतरी दुसऱ्या चालू वायरीला चिकटलीय. आणि पार्किंग लाइट लावल्यावरच ब्रेकचे दिवे मंद उजळत असतील, तर मागच्या बल्बचं अर्थिंग गेलेलं असू शकतं: एकाच काचेत ५ आणि २१ वॅटच्या दोन तारा, परतीची वाट बंद झाली की एकीतला प्रवाह दुसरीतून वाट काढतो. ही शेवटची दोन कामं इलेक्ट्रिशियनकडे द्यावीत. पेडलजवळ नाणं, चिकटपट्टी असले जुगाड मात्र नकोत. सुटून पेडलखाली गेलं तर निभावणं कठीण.

माजिवड्याच्या स्पेअर पार्टवाल्याने मॉडेल ऐकताच मागे वळून बरणीतून बूच काढून दिलं. दोन वडापावांच्या पैशात काम झालं. बॅटरीची वायर परत जोडली, दिवा पुन्हा पेटला. बूच बसवताना खट्ट आवाज आला आणि मागून वॉचमन ओरडला, "गेला, साहेब!" मग मॅट झटकताना पिवळट कण दिसले, बोटात धरताच चुरा झाला. आठवडाभर ते चकलीचे समजून मी लेकीला रागावत होतो.