ग्रामपंचायतीची महिला राखीव जागा: माहेरचे कागद आधी काढा

सोडतीत जागा ओबीसी महिलेसाठी सुटली की घरात सुनेचं नाव ठरतं आणि मग कागदांची शोधाशोध सुरू होते. तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

पात्रता साधी आहे. वय 21 पूर्ण, गावच्या मतदार यादीत नाव आणि जन्म 1 जानेवारी 1995 किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी पास. अनामत, शौचालयाचा कागद, घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याचा दाखला, खर्चासाठी वेगळं बँक खातं ही कामं भाऊसाहेब (ग्रामसेवक) जागेवर असतील तर दोन दिवसांत उरकतात.

अडतं ते जातीच्या दाखल्यापाशी. लग्नाने जात बदलत नाही, त्यामुळे नवऱ्याच्या दाखल्याचा काडीचा उपयोग नाही. वडिलांकडचाच पुरावा लागतो: ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. आजोबांच्या शाळेचा उतारा किंवा कोतवाल बुकातली (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली) नोंद शोधा. दाखला माहेरच्या प्रांत कार्यालयातून निघतो आणि त्याची पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे होते. सासर दौंडला आणि माहेर करमाळ्याला असेल, तर पुण्यात विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात हेलपाटे घालू नका, सोलापूर गाठा. हे खिडकीवर आधी कुणी सांगत नाही.

दुसरी अडचण नावाची. दाखल्यावर माहेरचं ‘लता’, मतदार यादीत सासरी ठेवलेलं ‘वैशाली’. दोघी एकच, हे सिद्ध करायचं तुम्ही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र नसेल तर आजच काढा, लग्नाला वीस वर्षं झाली असली तरी नोंदणी होते.

पडताळणीनंतर मिळणारं वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि ते मुदतीत देईन असं हमीपत्र जोडता येतं. पण पोच मिळाली म्हणजे सुटलो, असं समजून बाया निर्धास्त होतात आणि नंतर पद जातं. हमीपत्रातली मुदत, मग ती सहा महिन्यांची असो की बारा, निवडून आल्याच्या तारखेपासून मोजतात. ती बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. समितीने उशीर केला, ही सबब चालत नाही. अन्यायकारक वाटतं, पण आहे हे असं आहे.

अपत्यांबाबत 12 सप्टेंबर 2001 ही तारीख लक्षात ठेवा. त्यानंतर तिसरं मूल झालं असेल तर अर्ज भरून उपयोग नाही. ते दत्तक दिलं तरी मोजलं जातं.

सासऱ्यांनी गायरानात घर बांधलंय आणि तुम्ही त्यातच राहता? सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्याच दुसऱ्या निकालानुसार अतिक्रमण कुटुंबीयांनी केलं असलं तरी तिथे राहणारी सदस्य अपात्र ठरू शकते. मात्र जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडे गावच्या महिला सरपंचांना याच कारणावरून काढलं होतं, तेव्हा 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं पद परत दिलं. त्यांचं म्हणणं होतं, मी तिथे राहतच नाही. तेव्हा वेगळं राहत असाल तर रेशनकार्ड, वीजबिल आधीच जमवून ठेवा.

निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा असतो. हरलेल्यांनी आणि बिनविरोध आलेल्यांनीसुद्धा. ‘हे बघतील’ म्हणून नवऱ्यावर सोडू नका; पाच वर्षांपर्यंतची अपात्रता तुमच्या नावावर लागते. आणि निवडून आल्यावर प्रशिक्षणाचं पत्र आलं, मग ते पुण्यात बाणेर रोडच्या यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेचं असो की पंचायत समितीचं, तर तिथेही स्वतः जा.