खुडूक कोंबडीचं घड्याळ

गावरान कोंबडी साधारण रोज एक अंडं घालते, मध्येच एखादा खाडा करते. १३ अंडी साठायला पंधरवडा जातो. म्हणजे शेवटचं अंडं पडतं तेव्हा पहिलं दोन आठवड्यांचं शिळं झालेलं असतं. तरीही कोंबडी रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसली की २१ व्या दिवशी सगळी पिल्लं जवळजवळ एकदमच बाहेर येतात. लहानपणी मला यात काही नवल वाटलं नव्हतं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात मामीच्या वस्तीवर एका मे महिन्यात हे गणित माझ्याच हातून बिघडलं, तेव्हा कळलं की कोंबडीचं कसब नुसतं ऊब देण्यात नाही. सगळ्या अंड्यांची घड्याळं ती एकाच वेळी चालू करते.

झालं असं, की कोंबडी खुडूक झाली, म्हणजे उबवायच्या नादी लागली, आणि कोनाड्यात साठलेली १३ अंडी मी तिच्याखाली सारली. मामी म्हणाली होती, "उन्हाळ्यातली अंडी हाईत ती. आठ दिसावरची घिऊ नको." मी घेतली. एक पिल्लू २० व्या दिवशीच निघालं, चार दुसऱ्या दिवशी. उरलेली आठ शेवटी फोडून पाहिली तर बऱ्याच अंड्यांत बलकावर रक्ताचं एक कडं तेवढं होतं. गर्भ वाढायला लागून पहिल्या काही दिवसांतच मेला, याची ती खूण.

फलित अंडं कोंबडीच्या पोटातून बाहेर येतं तेव्हा गर्भाची वाढ आदल्या दिवसापासूनच सुरू झालेली असते. बलकावरच्या त्या फिकट ठिपक्यात हजारो पेशी असतात. बाहेर अंडं निवतं आणि वाढ थांबते. गर्भ मरत नाही, नुसता झोपतो. ही झोप टिकायला अंडं साधारण २१ अंश सेल्सिअसच्या खाली असावं लागतं. दिवाळीनंतर आपल्याकडे रात्री गार होतात, त्यामुळे अडचण येत नाही. मे महिन्यात मात्र सोलापुरात दुपारी पारा ४० च्या पुढे जातो आणि रात्रीही २५ च्या खाली फारसा उतरत नाही. कोनाड्यातल्या गर्भाला कोंबडीची वाट पाहायची गरजच उरत नाही, तो आपला आपणच जागा होतो. पण नीट वाढायला त्याला साडेसदतीस अंशांच्या आसपासची ऊब हवी असते, तीही अखंड. दुपारी भट्टी आणि पहाटे कोमट अशा हवेत तो वेडावाकडा वाढतो, दमतो आणि मरतो. जे तगतात त्यांची घड्याळं पुढंमागं झालेली असतात.

म्हणून मामी उन्हाळ्यात अंडी माठाच्या बुडाशी ओलसर वाळूत ठेवते, प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख घालते आणि आठवड्यावरची खायला काढते. अंडी धुवायची मात्र नाहीत. कवचावरचा अगदी पातळ थर पाण्यानं निघून जातो आणि हजारो बारीक छिद्रांतून जंतूंना वाट मिळते. त्याच छिद्रांतून २१ दिवसांत अंड्याच्या वजनाचा साधारण आठवा हिस्सा वाफ होऊन उडून जातो. तेवढं जायलाच हवं, कारण त्या जागी हवेची पोकळी मोठी होत जाते. पण आपल्या कोरड्या झळांत ते जास्त उडतं, आतला पापुद्रा चामड्यासारखा वाळतो आणि पिल्लू त्यालाच चिकटून बसतं. रवणाच्या पाटीच्या तळाशी ओली माती, वर कडब्याचा चुरा, आणि पाटी सावलीत: ही जुनी रीत त्यावर चांगली लागू पडते. पाटीत लाल मिरची आणि लोखंडाचा खिळाही असतो, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. खिळ्याचं विज्ञान मला विचारू नका.

कोंबडी खुडूक होते म्हणजे तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन वाढतं. बाईच्या अंगावर दूध आणणारं संप्रेरक ते हेच. कोंबडीत ते अंडाशय आकसवतं, त्यामुळे अंडी घालणं बंद होतं. पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी पडते, तिथं रक्त वाढतं आणि अंड्यांना थेट ऊब लागते. अंड्यांचा हा स्पर्शच मेंदूला प्रोलॅक्टिन चालू ठेवायला सांगत राहतो. अंडी काढून घेतली, पोटाला गारवा लागला की खूळ उतरतं. खुडूक मोडण्यासाठी कोंबडीला पाण्यात बुचकळणं किंवा नाकपुडीतून पीस ओवणं हे प्रकार गावोगाव चालतात. पीस ओवणं मला निव्वळ छळ वाटतो. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात चार दिवस ठेवलं तरी तेच काम होतं. अंड्यांच्या धंद्यात हा खाडा परवडत नाही, म्हणून लेगहॉर्नसारख्या जातींतून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून खुडूकपणा जवळजवळ काढून टाकला आहे. गिरिराज, वनराज या सुधारित कोंबड्याही क्वचितच बसतात. त्यांची पिल्लं वाढवायला गावरानच लागते. एक दिवसाची विकतची पिल्लं रात्री अंधारात तिच्या पोटाखाली सरकवली तर सकाळी ती बहुधा त्यांना आपलीच मानते.

पण एकाच दिवशीचा हा अट्टाहास कशाला? गव्हाणी घुबड पहिलं अंडं पडताच उबवायला बसतं, त्यामुळे त्याची पिल्लं थोरली-धाकटी निघतात. त्याला ते चालतं, कारण घास घरट्यात येतो. माळढोक पक्ष्याला हा प्रश्नच नाही, त्याची मादी बिचारी बहुधा एकच अंडं घालते. कोंबडीची पिल्लं मात्र पंख वाळले की चालायला लागतात आणि आईला त्यांना चरायला न्यावं लागतं. अर्धी पाटीत आणि अर्धी उकिरड्यावर, असं तिला जमणार नाही.

म्हणून शेवटची जुळवाजुळव अंड्याच्या आतूनच होते. १९ व्या-२० व्या दिवशी पिल्लू हवेच्या पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेतं आणि चिवचिवू लागतं. कान लावला तर ऐकू येतं. कोंबडी हलक्या आवाजात ओ देते. मार्गारेट व्हिन्स या संशोधिकेनं १९६० च्या दशकात लाव्याच्या अंड्यांवर प्रयोग केले. एकमेकांना टेकून ठेवलेली अंडी एकाच वेळी फुटली, दूर ठेवलेल्यांत अंतर पडलं. आतल्या टकटकीनं मागे राहिलेलं भावंड घाई करतं. तरीही कुणी मागे राहिलंच, तर निघालेली पिल्लं दोन-तीन दिवस उपाशी तग धरतात, कारण फुटण्याआधी उरलेला बलक त्यांनी पोटात ओढून घेतलेला असतो. या दिवसांत कोंबडीला उठवून पाटी चाळत बसू नये. ती थांबलेली असते, आपणही थांबावं.

पुढं तिचं दुसरं काम सुरू होतं. पहिले तीन आठवडे पिल्लांना स्वतःचं तापमान धड राखता येत नाही, म्हणून चरताना ती मधून मधून अंग फुगवून बसते आणि सगळी आत शिरतात. दाणा सापडला की एक आवाज, आभाळात शिक्रा दिसला की दुसरा, मुंगूस-मांजर आलं की तिसरा. १९९६ साली निकोल आणि पोप या संशोधकांनी कोंबड्यांना एका रंगाचा दाणा चांगला आणि दुसरा कडू असतो हे शिकवलं. मग पिल्लांना त्या 'कडू' रंगाचा दाणा खाताना पाहून त्या चांगल्या दाण्यावर जोरजोरानं चोच मारू लागल्या. विजेच्या बल्बाखाली वाढलेल्या पिल्लाला ऊब मिळते, ही शिकवणी मिळत नाही. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस मात्र दोन्हीकडच्या पिल्लांना द्यावीच लागते, तिथं आईचा उपयोग नाही.

दीड-दोन महिन्यांनी तुरा पुन्हा लाल होतो आणि कोंबडी एका सकाळी आपल्याच पिल्लांना चोची मारून हुसकायला लागते. मामीच्या माठाखालच्या वाळूत परवा तीन अंडी होती. तिसऱ्यावर त्याच दिवसाची तारीख.