संदर्भसेवा (दुर्गम भागातील)

प्राथमिक आरोग्य केंद्रात न होणाऱ्या उपचारांसाठी रुग्णाला तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवण्याची व्यवस्था. बोलण्यात ‘रेफर करणे’. मेळघाट (अमरावती), भामरागड (गडचिरोली), धडगाव (नंदुरबार) अशा आदिवासी भागांत ती सर्वांत जास्त अडते ती बाळंतपणात.

सरकारी निकषांनुसार आदिवासी व डोंगरी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 80,000 लोकांमागे 30 खाटांचे एक रुग्णालय (महाराष्ट्रात ‘ग्रामीण रुग्णालय’) असते. निकष माणसे मोजतो, अंतर नाही. भामरागड तालुक्याची लोकसंख्या 2011 मध्ये 40,000 च्या आतच होती. या हिशेबाने तालुक्याच्या वाट्याला अर्धेच रुग्णालय येते.

तज्ज्ञाचे पद भरले म्हणजे सेवा सुरू झाली, असे होत नाही. सिझरला स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर भूलतज्ज्ञ, बाळ सांभाळणारे कोणी आणि रक्त, सगळे एकाच वेळी लागते. बहुतेकदा कमी पडतो तो भूलतज्ज्ञ. यावर एमबीबीएस डॉक्टरांना भूल देण्याचे प्रशिक्षण देण्याचा मार्ग काढला गेला (सुरुवातीला 18 आठवड्यांचे). पण प्रशिक्षित डॉक्टरची बदली शस्त्रक्रियागृह नसलेल्या ठिकाणी झाली, की सराव तुटतो आणि हात कचरतो. रक्तसाठवणूक केंद्रात पिशव्या 2 ते 6 अंश सेल्सिअसला ठेवाव्या लागतात. वीज गेली आणि जनरेटरला डिझेल नसले, तर साठा बाद होतो.

बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव साधारण दोन तासांत जीव घेऊ शकतो. 108 ची रुग्णवाहिका (राज्यात 2014 पासून) डांबरी रस्ता असेल तिथवर येते. पाड्यापासून तिथपर्यंत बांबूला बांधलेली झोळी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढले की भामरागडचा रस्ताच बंद होतो.

म्हणून पाठवण्याआधी काय केले, याला फार महत्त्व आहे. रक्तस्रावात ऑक्सिटोसिन 10 युनिट स्नायूत आणि सलाइन सुरू. झटके आल्यास मॅग्नेशियम सल्फेट 10 ग्रॅम, प्रत्येक कुल्ल्यात 5 ग्रॅम खोलवर. डोस आणि वेळ चिठ्ठीवर लिहायलाच हवी. ती नसली तर पुढच्या रुग्णालयात पहिला डोस पुन्हा दिला जाण्याचा धोका असतो. जास्तीच्या मॅग्नेशियमने श्वास मंदावतो, आणि मग उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट शोधावे लागते. निघण्याआधी समोरच्या रुग्णालयाला फोन करून भूलतज्ज्ञ हजर आहे का, हे विचारणे साधे काम आहे, पण नेमके तेच राहते. मग रुग्ण ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा, तिथून जिल्हा रुग्णालय असा फिरतो.

उपचार फुकट असले तरी सोबतच्या माणसाचा रोज बुडतो. काही योजनांत ‘बुडीत मजुरी’ मिळते ती त्यासाठीच. ‘माहेरघरा’त गरोदर बाईला तारखेआधीच केंद्राजवळ राहायला आणतात, पण घरी लहान मुले असली की ती येत नाही. कोरकू, माडिया किंवा पावरी बोलणाऱ्या बाईला शहरातल्या वॉर्डात दुभाषा क्वचितच मिळतो. बाळंतिणीला 102 ची गाडी घरी सोडते. हाड मोडलेल्याला प्लास्टर काढायला पुन्हा यायचे, तर भाडे स्वतःचे.