बंद खोलीतील शेगडी

कडाक्याच्या थंडीत दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत ऊब राहावी म्हणून कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले पेटते ठेवण्याची प्रथा. उत्तर भारतात यासाठी अंगीठी, नेपाळात मकल वापरतात. काश्मिरात वेताच्या विणीतले मातीचे भांडे, म्हणजे कांगडी, फेरन या पायघोळ सैल अंगरख्याच्या आत धरतात. महाराष्ट्रात शेकोटी बहुधा अंगणात पेटते. तरीही बाळंतिणीच्या खोलीत, रखवालदाराच्या केबिनमध्ये आणि ऊसतोड मजुरांच्या कोपीत थंडी वाढली की विस्तव घरात येतोच.

या प्रथेत आगीची भीती सगळ्यांना असते, वायूची फारशी कोणाला नसते. लाकूड धुमसत असेपर्यंत डोळे चुरचुरतात, खोकला येतो आणि कोणीतरी उठून दार उघडते. धूर सरून निखारे लाल झाले की शेगडी ‘आत घ्यायला तयार’ समजली जाते. वस्तुतः बिनधुराचे निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात. हवा अपुरी पडली की, किंवा निखाऱ्यांवर राखेचा थर चढला की, कोळसा अर्धवट जळतो आणि हा वायू वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो हवेपेक्षा किंचितच हलका असल्याने खोलीभर मिसळतो. जमिनीवर झोपला काय नि पलंगावर झोपला काय, बचाव होत नाही. शेगडीशेजारी पाण्याची बादली ठेवली की धोका टळतो हा समजही चुकीचा आहे. हा वायू पाण्यात जेमतेम विरघळतो.

रक्तातील हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, गरगरते, पायांतले बळ जाते. जागा असलेला माणूस हे पित्त समजतो. झोपलेल्याला जागच येत नाही. घरातल्या सगळ्यांचे डोके एकाच वेळी दुखू लागणे आणि बाहेरच्या हवेत गेल्यावर बरे वाटणे, ही खूण प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनपासून वेगळा ओळखता येत नाही, त्यामुळे गुदमरलेल्या माणसाचाही आकडा ठीक दिसू शकतो.

कोळसा नसला म्हणून निश्चिंत होता येत नाही. जानेवारी 2020 मध्ये नेपाळातील दामन येथे एका रिसॉर्टच्या खोलीत गॅसचा हीटर लावून झोपलेले केरळचे 8 पर्यटक दगावले. लहानशा न्हाणीघरात बसवलेला गॅस गिझर हेच करू शकतो: दार बंद, झरोका बंद, बर्नर चालू. असा गिझर आणि त्याचा सिलिंडर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा.

बाळंतिणीला शेक देण्याची रीत मायेची आहे. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी, आणि वारा लागू नये म्हणून फटींत कोंबलेल्या चिंध्या, हे चित्र अजूनही अनेक घरांत दिसते. पण त्या खोलीत श्वास घेणारे एक अर्भक असते. ते मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेते आणि त्रास होतो हे सांगू शकत नाही. शिवाय बाजेवरून लोंबणारा गोधडीचा पदर निखाऱ्यापासून वीतभरच दूर असतो. ऊब बाळाला कपड्यांची, दुलईची आणि आईच्या अंगाची मिळावी; विस्तव खोलीबाहेर असावा.

कोपीची गोष्ट याहून कठीण. बांबू, पाचट आणि ताडपत्रीच्या आडोशात एक ठिणगी पुरते, आणि पहाटे तोडीला निघताना मागे मुले झोपलेली असतात. विझलेली दिसणारी चूल राखेखाली कित्येक तास धगधगत राहते. राख पाणी ओतून, ढवळून थंड करावी आणि कोपीपासून लांब टाकावी. घरातही ती प्लास्टिकच्या कचरापेटीत न टाकता झाकणाच्या लोखंडी डब्यात भरावी.

विजेच्या हीटरमधून हा वायू निघत नाही, मात्र आग लागते. 2000 वॉटचा हीटर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर वीज ओढतो. 6 अँपिअरच्या सॉकेटला किंवा बारीक वायरीच्या एक्स्टेन्शन बोर्डला हा भार पेलत नाही. त्याला स्वतंत्र 16 अँपिअरचा सॉकेट हवा. पडदा, गादी, दोरीवरचे ओले कपडे मीटरभर लांब ठेवावेत आणि झोपण्यापूर्वी बटण बंद करून पिन काढावी. 9 जानेवारी 2022 रोजी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात एका फ्लॅटमधल्या हीटरने आग लागली. फ्लॅटचे दार आपोआप मिटायला हवे होते, ते उघडेच राहिले. धूर जिन्यातून वर चढला आणि 17 जण गेले.

खोलीत कोणी बेशुद्ध दिसले तर श्वास रोखून दारे-खिडक्या सताड उघडावीत, त्याला बाहेर काढावे आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. आग असल्यास 101 किंवा 112. रुग्णालयात पोहोचताच ‘खोलीत शेगडी होती’ हे आधी सांगावे. शुद्ध ऑक्सिजन लावल्यास रक्तातील कार्बन मोनॉक्साइड साध्या हवेपेक्षा कितीतरी लवकर उतरतो, आणि डॉक्टरांना तो लावण्याचे कारण त्या एका वाक्याने कळते.